सोय इंदिया

“सोय इंदिया,” मी म्हणाले, आणि वर छान हसलेसुद्धा.

फाटकावरच्या माणसाने मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. त्याचा प्रश्न एका शब्दाचा होता, “इंदियास?” आणि पुण्याच्या स्पॅनिशच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात घोकलेलं वाक्य अखेर कामाला आलं म्हणून मला कोण आनंद झाला होता. ‘सोय’ म्हणजे ‘मी आहे’. ‘इंदिया’ म्हणजे भारतीय बाई. घरापासून इतक्या लांब, दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरमध्ये, ज्वालामुखीच्या उतारावरच्या एका गावात कुणीतरी आपल्याला पाहताक्षणी देशाच्या नावाने ओळखतं, ही काय लहान गोष्ट झाली? मी जरा ताठच उभी राहिले.

त्याने हनुवटीने भिंतीच्या कडेची पायवाट दाखवली. इथून नाही, मागच्या बाजूने. मला वाटलं, परदेशी पाहुण्यांची वेगळी सोय असेल. ही आपली मराठी सोय. मी त्याला धन्यवाद दिले, शेजारी उभ्या असलेल्या मामा मनुएलाचा हात धरला आणि निघाले.  मामाने डोक्यावरची टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण त्या माणसाची ती हनुवटी आठवली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. त्या डोंगरातल्या किचवा भाषेत आईला मामा म्हणतात आणि वडलांना ताइता. एवढ्यावर न थांबता ते डोंगरांनाही हीच नाती लावतात. समोर बर्फाने पांढरा झालेला चिंबोरासो दिसायचा, तो साऱ्या मुलखाचा ताइता, आणि गाव ज्याच्या उतारावर होतं तो ज्वालामुखी मामा. मनुएला ही सत्तरी ओलांडलेली विधवा बाई. यानारूमी नावाच्या गावात तिचं मातीचं घर होतं आणि घरातली एक खोली ती वाटसरूंना राहायला द्यायची. यानारूमी म्हणजे काळा दगड. ज्वालामुखीने कधीकाळी ओकलेले काळे धोंडे गावभर पडलेले, आणि लोकांनी त्यांच्याच भिंती घालून मधल्या वाफ्यांत बटाटे लावलेले.

त्या खोलीत आम्ही दोघं उतरलो होतो, मी आणि श्रीरंग. पाठीवर बोजे टाकून आम्ही त्या उंचावरची गावं फिरत होतो. मार्गशीर्षात आमचं लग्न ठरलेलं. घरी दोघांनीही सांगितलं होतं की ऑफिसातला मोठा गट निघालाय. गटातली बाकीची मंडळी कधी कुठल्या फोटोत का दिसत नाहीत, हे न विचारण्याचा मोठेपणा माझ्या आईने दाखवला आणि मी तिचे आभार मानले.

श्रीरंग माणूस वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. उंचीचा मला फार त्रास झाला, डोकं फुटायला लागलं, तेव्हा रात्रभर उशाशी बसला. कुणाचं सामान उचलून दे, कुणाला बसमध्ये जागा दे, हे त्याला सांगावं लागायचं नाही. आणि बोलायचा किती गोड. आम्ही आलो त्या दिवशी मनुएलाच्या स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला बसून बटाट्याचं दाट सूप प्यायलो. पायांतून गिनीपिग पळत होते, ते तिथे कोंबड्यांसारखे घरात पाळतात. श्रीरंगने मनुएलाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘मनाने किती श्रीमंत आहेत ही माणसं.’ मला तेव्हा ते वाक्य आवडलं होतं.

त्या दिवशी माझं जाकीट गारांच्या पावसात चिंब भिजलं. मनुएलाने आपली लाल लोकरी शाल माझ्या खांद्यावर टाकली, तिथल्या बायका शाल पुढे जशी टाचतात तशी मोठ्या टाचणीने टाचली, आणि जुनी टोपी डोक्यावर ठेवली. माझी वेणी होतीच. रंगही त्यांच्याचसारखा. श्रीरंग हसत सुटला. म्हणाला, आता तुला इथेच ठेवून गेलो तरी कुणाला कळणार नाही.

मनुएला संध्याकाळी गुडघ्यांना कसलासा पाला चोळत बसायची. गुडघे कवठाएवढे सुजलेले. मी तिला विचारलं, खाली एवढं गरम पाण्याचं स्नानगृह आहे, लांबलांबून लोक सांधे शेकायला येतात, तुम्ही का जात नाही? माझं स्पॅनिश मोडकं, आणि तिचीही ती शाळेतली, परकी भाषा. त्यामुळे दोघी हळू बोलायचो आणि आमचं चांगलं जमायचं. तिने सांगितलं की झरा वर त्यांच्याच टेकडीत आहे. लहानपणी ओढ्यातल्या दगडी डोहात सगळ्या बायका बसायच्या. पुढे पाणी खाली गेलं, डोह कोरडा पडला. खालच्या हौदात आपण कधी उतरलेलो नाही.

का, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चला. ती नको म्हणाली, गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा नको म्हणाली, आणि निजायच्या आधी तिने पेटीतून भरतकामाचा पांढरा सदरा काढून दोरीवर टाकला. रविवारी चर्चला जायचा सदरा. तो पाहिला आणि मला कळलं की तिला जायचंय, मनापासून जायचंय. मी तिला शब्द दिला, मी आहे ना, मी नेते.

सकाळी श्रीरंग पुढे गेला. उशीर झाला तर हौदाच्या कडेची जागा मिळत नाही म्हणे. माझं जाकीट अजून ओलंच होतं, म्हणून मी त्याच शालीत आणि टोपीत; मनुएलाच्या चालीने आम्ही दोघी मागून पोचलो, आणि फाटकावर मी माझं ते सुंदर वाक्य बोलले.

भिंतीच्या कडेने गेलो तर मागे पत्र्याचं दार. आत सिमेंटची एक टाकी आणि तिच्यात दोन बायका टॉवेल धूत होत्या, तिथल्याच पाहुण्यांचे. भिंतीतल्या भोकातून टाकीत कोमट पाणी पडत होतं, वर साबणाचा तवंग. मनुएलाने त्यांच्याशी किचवात दोन शब्द बोलून घेतले, मग टाकीच्या कठड्यावर बसली आणि बूट काढायला लागली.

मी विचारलं, आत कुठून जायचं?

“आत नाही जायचं,” ती म्हणाली. “आपण इथे पाय बुडवायचे.”

हौदात लोकांनी अंग धुतलेलं पाणी त्या भोकातून बाहेर येत होतं. वरच्यांचं उरलेलं पाणी. मी त्या भोकाकडे पाहत राहिले. 

“तू काय बोललीस, तुला ठाऊक आहे का?” मनुएलाने विचारलं.

मी म्हटलं, माझा देश सांगितला.

तेव्हा तिने मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. इथे इंदिया म्हणजे आम्ही. या डोंगरातल्या बायका. थुंकून टाकायचा शब्द आहे तो. कुणी कुणाच्या तोंडावर म्हटला तर भांडण होतं, आणि स्वतःहून तर तो कुणीच म्हणून घेत नाही. तुझ्या देशातून येणाऱ्यांना इथले लोक वेगळं काहीतरी म्हणतात. टॉवेल धुणारी एक बाई मध्येच बोलली, “इंदू.” तिथे ह उच्चारत नाहीत. हिंदू म्हणायचं होतं तिला. भारतातून आलेला कुणीही असो, त्याला ते हिंदूच म्हणतात.

“आमच्यापैकी कुणी त्या फाटकावर हे असं हसत हसत सांगितलेलं नाही,” मनुएला म्हणाली. ती हसली आणि धुणाऱ्या बायकाही हसल्या. त्या मला हसत नव्हत्या. त्या हसण्यात मला धरून आम्ही चौघी होतो.

मला मात्र हसू येईना. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी मनुएलाला बूट पुन्हा घालायला लावले, तिला उठवलं आणि पुढच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. तो हनुवटीवाला म्हणाला, सांगितलं ना, मागून. मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये त्याला विचारलं, का? तो म्हणाला, नियम कपड्यांचा आहे, लोकरीचे धागे पाण्यात सुटतात. मी म्हटलं, आम्ही कपडे बदलू. तो म्हणाला, आमच्या पाहुण्यांना आवडत नाही. काय आवडत नाही, ते त्याने सांगितलं नाही. मी आवाज चढवला. तेव्हा आतून व्यवस्थापक आला, इस्त्रीचा शर्ट घातलेला गुळगुळीत माणूस, आणि त्याच्या मागून टॉवेल गुंडाळून, केसांतून पाणी गाळत श्रीरंग.

श्रीरंगच्या एका नजरेत सगळं आलं. दोघांचे पासपोर्ट त्याच्याच पिशवीत असायचे; तो धावत जाऊन आतल्या कपाटातून माझा घेऊन आला आणि त्याने तो व्यवस्थापकापुढे धरला. व्यवस्थापकाने पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं, आणि मी आयुष्यात कुणाचा चेहरा इतक्या झटकन बदललेला पाहिला नाही. तो लवून लवून माफी मागायला लागला. सेन्योरिता इंदू आहेत, भारताच्या आहेत, केवढी मोठी चूक झाली. शालीमुळे झाली. टोपीमुळे झाली. फाटकवाल्याला त्याने तिथल्या तिथे झापलं. कोरडा टॉवेल मागवला, फळांचा रस मागवला, आणि फाटक स्वतःच्या हाताने सताड उघडलं.

मी मनुएलाचा हात धरून पाऊल टाकलं. त्याने हात आडवा केला, अगदी अदबीने.

“तुम्ही या,” तो म्हणाला. “या नाही.”

मी म्हटलं, या माझ्याबरोबर आहेत. तो म्हणाला, यांची व्यवस्था मागे आहे, यांना माहीत आहे. मनुएला त्याच्या बोटांकडे पाहत होती. तिने सकाळी घासून चकचकीत केलेली कानातली कुडी उन्हात चमकत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

श्रीरंगने मला बाजूला घेतलं. मराठीत बोलायला लागला, हळू, समजुतीच्या आवाजात. त्या देशात मराठी कुणाला कळणार, पण वाईट बोलताना माणूस आवाज उतरवतोच.

“मित्रा, तमाशा नको करूस. गैरसमज झाला, त्यांनी माफी मागितली. आणखी काय हवंय?”

“तिची मागितली?”

“अगं, तिचं काय आता? तो त्यांचा आपसातला प्रश्न आहे. आपण चार दिवसांचे पाहुणे. तिला सवय आहे याची, बघ ना, ती तरी काही बोलतेय का?”

“मी तिला शब्द दिलाय.”

“तू रागावलीस ते मला कळतंय,” तो म्हणाला. “कुणालाही अपमान वाटेल. पण एवढंच झालं ना, की त्यांनी तुला त्यातली समजलं.”

त्यातली.

आजवर मी तो शब्द इतक्या घरांत, इतक्या आवाजांत ऐकला होता. शेजारणी हळूच एकमेकींना विचारतात तो शब्द. खोली भाड्याने द्यायच्या आधी मालक आडनावाशी घुटमळतो तो शब्द. श्रीरंगच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या आत्याने माझ्या गालावरून हात फिरवून मोठ्या मायेने म्हटलं होतं, वाटत नाही हो त्यातली. आणि श्रीरंग लाजून हसला होता, बायकोची तारीफ झाल्यासारखा. माझं नाव संघमित्रा. त्याचं ‘मित्रा’ त्याने लाडाने केलंय अशी माझी समजूत होती. त्या फाटकावर उभं राहून मला एकदम दिसलं की त्याने माझी ओळख मित्रांत, ऑफिसात, नातेवाइकांत कुठेही पुऱ्या नावाने करून दिलेली नाही. संघमित्रा म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं. मित्रा म्हटलं की काही कळत नाही.

“मी त्यातलीच आहे, श्रीरंग.”

त्याने मागे वळून व्यवस्थापकाकडे पाहिलं. मग म्हणाला, “इथे कशाला काढतेस ते?”

मी काढलं होतं होय ते?  तो आपला पुढे बोलतच होता, की व्यवस्थापक तुला हिंदू म्हणतोय, म्हणू दे, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ भारतीय एवढाच आहे, हो म्हण आणि चल आत, पाणी काय सुंदर आहे. हे त्याने मला सांगावं. आमचं घर बौद्ध. जो शब्द आमच्या आजोबांनी हजारो माणसांत उभं राहून, हात जोडून मागे ठेवला, तो मला तिथे आत शिरायचा पास म्हणून मिळत होता. आणि आत होतं पाणी. पाण्यापाशी कुणी यायचं आणि कुणी नाही, हे आमच्या घरात पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मी फळांचा रस घेऊन आलेल्या पोरीला तो परत न्यायला सांगितला. श्रीरंगला म्हटलं, तू जा आत. तो थोडा घुटमळला, त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि मग तो आत गेला. त्याला वाटलं असणार की मी तासाभरात निवळेन. मी नेहमी निवळायचे.

मनुएला तोवर चालायला लागली होती. घराची वाट डावीकडे होती. ती उजवीकडे, चढावर वळली. मी तिला गाठलं आणि विचारलं, कुठे? ती म्हणाली, वर.

चढता चढता, मध्ये मध्ये धोंड्यांवर टेकत, तिने मला सांगितलं. खालचं स्नानगृह ज्याने बांधलं तो म्हातारा जमीनदार तिच्या वडलांकडे आला होता, पाणी मागायला. झरा गावाचा. वडील म्हणाले, घे पाणी, पण आमच्या बायकांचेही गुडघे दुखतात. म्हातारा म्हणाला, माझं दार तुम्हाला कायम उघडं. सगळ्या गावासमोर म्हणाला, एका भांड्यातून दोघं मक्याची दारू प्यायले, आणि गावाने झऱ्यापासून खालपर्यंत दगडी पाट बांधून दिला. म्हातारा जिवंत होता तोवर बायका जात होत्या. मनुएलाची आई गेली, तिच्या मावश्या गेल्या. तिची जायची वेळ यायच्या आत तो मेला. पुढे शहरातले वारस आले, व्यवस्थापक आले, आधी कपडे नडले, मग धागे नडले, मग मागचं दार झालं.

“आणि पाट?” मी विचारलं.

पाट अजून गावच साफ करायचं. वर्षातून एकदा घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचं, सगळे मिळून गाळ काढायचे आणि शेवटी एकत्र जेवायचे. ते त्याला मिंगा म्हणतात. आपल्याकडे इर्जिक घालतात ना एकमेकांच्या शेतात, तसंच. म्हणजे पाणी यांचं, पाट यांचा, गाळ काढणारे हे, आणि पाय बुडवायला यांना लोकांचं उष्टं पाणी. मी चालता चालता मराठीत मोठमोठ्याने शिव्या दिल्या. मनुएलाला शब्द कळले नाहीत, पण तिने मान डोलावली.

मी विचारलं, गाव काहीच का करत नाही? ती म्हणाली, दर बैठकीत बोलणं होतं. पण कुणाचा मुलगा खाली वाढप्या आहे, कुणाची सून टॉवेल धुते. पुढच्या वर्षी बघू म्हणतात.

“मग आज?”

ती थांबली. “मला मागच्या दाराने पाठवलं तर मी जाते,” ती म्हणाली. “पण तू माझ्या घरची पाहुणी आहेस. माझ्या पाहुणीला मागच्या दाराने पाठवलं.”

मी तिच्यासाठी पेटले होते आणि ती माझ्यासाठी. दोघींपैकी एकीलाही आपल्या स्वतःच्या अपमानाचं काही करावंसं वाटलं नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा माझा राग आणखीच वाढला, आणि या वेळी तो माझ्या स्वतःसाठी होता.

वर झरा खडकातून वाफ सोडत बाहेर येत होता. थोडं खाली पाटाला दोन तोंडं होती. एक खाली जाणारं, वाहतं. दुसरं ओढ्याकडे वळणारं, पण त्याच्यापुढे चपटा काळा दगड उभा केलेला, फटींत गवताची ढेकळं ठासलेली, वर शेवाळ. कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता. मनुएलाने वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी दगा दिला, आणि ती कळ दाबत बसली. दगडाकडे बोट करून मला सांगायला लागली, हा असा काढ, तो तिकडे.

मला सांगायची गरज नव्हती. माझे वडील, आमचे आबा, जन्मभर दुसऱ्याच्या उसाला दारं धरत आले. एका सरीचं पाणी झालं की फावड्याने तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचा बांध फोडून पाणी तिकडे घ्यायचं, याला आमच्याकडे दारं मोडणं म्हणतात. भाकरी घेऊन जायचे तेव्हा मी कितीदा त्यांच्या हातातलं फावडं ओढून घेतलं होतं. मी बूट काढले, शाल कमरेला खोचली आणि ढेकळं उपटायला लागले. पाणी चटके देत होतं. दगड हलेना, मग मी वाळकं लाकूड तरफेसारखं घालून तो उचकटला, आडवा केला, आणि खाली जाणाऱ्या तोंडावर घट्ट बसवला. फटींत चिखल आणि ढेकळं भरली. पाणी क्षणभर गोंधळल्यासारखं तुंबलं, फुगलं, आणि ओढ्याकडे धावलं.

खालचा दगडी डोह आधी गढूळ झाला, पानं तरंगली, मग हळूहळू भरायला लागला. शेजारून थंड पाण्याची बारीक धार येतच होती, ती त्यात मिसळली. मनुएलाने हात घालून पाहिला. टोपी काढून धोंड्यावर ठेवली आणि तो भरतकामाचा सदरा, लोकरीचा घागरा, सगळ्यासकट ती पाण्यात उतरली. लोकरीचे धागे सुटायचे ते सुटू देत. पाणी गुडघ्यांवर चढलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि किचवात काहीतरी पुटपुटली. आईशी बोलत होती की पायाखालच्या डोंगराशी, मला कळलं नाही. दोघांनाही ती मामाच म्हणत असणार.

तिथून खालचा निळा हौद स्पष्ट दिसत होता. त्यात कडक पाणी निववायला नदीच्या गार पाण्याचा नळ सोडलेला असायचा, आणि तो चालूच होता. गरम थांबलं, गार चालू राहिलं. थोड्या वेळाने हौदावरची वाफ विरळ झाली. एक माणूस उभा राहिला, हाताची घडी घालून. मग दुसरा. मग सगळेच भराभर कडेला यायला लागले. माझ्या पोटात जे समाधान उतरलं ते मी अजून विसरलेली नाही, आणि त्याची मला तिळभरही लाज वाटत नाही.

वर पहिला आला तो फाटकवाला, धापा टाकत. मनुएलाने डोळे उघडले आणि त्याला किचवात काही विचारलं. तिने मला नंतर सांगितलं की तिने त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली होती. त्याची आई याच गावची. तो दगडाकडे पाहत उभा राहिला, दगडाला त्याने हात लावला नाही, आणि आला तसा खाली गेला.

मागून श्रीरंग आला. कमरेला ओला टॉवेल, वर जाकीट, ओठ निळे पडलेले. त्याने वाफाळणारा डोह पाहिला, त्यात बसलेली मनुएला पाहिली, चिखलाने बरबटलेले माझे हात पाहिले.

“पाणी कुणी बंद केलं?” त्याने विचारलं.

“बंद कुठे केलंय,” मी म्हणाले. “दारं मोडलं.”

शहरात वाढलेल्या माणसाला दारं कुठून ठाऊक असणार. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“दार मोडलंस? कुठलं दार? मित्रा, परक्या देशात आहोत आपण. पोलीस येतील.” त्याने आजूबाजूला पाहिलं, जणू आणखी मोडतोड कुठेतरी दिसेल. “आणखी काय काय मोडलंस?”

“लग्न,” मी म्हणाले.

 मनुएलाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जरा बाजूला सरकून पाण्यात मला जागा केली.